राजूरचा घाट आणि अनसाकाकू

मलकापूरच्या टॅक्सी स्टँडवर माझं नाव निघालं की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. वैशाखात, भर दुपारी, गाडीभर माणसं घेऊन रामदास ड्रायव्हरनं राजूरचा घाट एका दमात चढवला. कुठं थांबला नाही, रेडिएटरमध्ये पाण्याचा थेंब घातला नाही. मागच्या महिन्यात स्टँडच्या पोरांनी माझा सत्कार केला, तेव्हा एका वक्त्यानं तीच गोष्ट आणखी रंगवली. मी शाल पांघरून ऐकत बसलो. घरी येऊन शालीची घडी करताना मनात आलं, की त्या गाडीत बसलेल्यांपैकी आता मी एकटाच उरलो आहे. मी गेलो की ही गोष्ट अशीच राहील.

गाडी मी चालवत होतो, एवढं खरं आहे. घाट चढवला तो अनसाकाकूंनी.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. गाव संपता संपता, मोताळ्याच्या रस्त्याला काकूंच्या घरचा मळा होता. वांगी, मेथी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. नवरा किसनराव हौशी माणूस. त्यांनी कापसाच्या एका दलालाकडून जुनी, लांब नाकाची विलायती गाडी घेतली आणि स्टेशनवर उतरलेली माणसं बुलढाण्याला पोचवायचा धंदा सुरू केला. धंदा बसतो न बसतो तोच ते काविळीनं गेले. मळा सामाईक होता, तो धाकटा दीर पांडुरंग पाहायचा. गाडी मात्र किसनरावांची स्वतःची, म्हणून आता काकूंची.

दिवस-कार्य आटोपल्यावर काकू स्टँडवर आल्या. त्या काळी आमच्या स्टँडवर बाई यायची ती गाडीत बसायला. ह्या आल्या त्या ड्रायव्हर शोधायला. लुगड्याचा काष्टा घट्ट, दातांना मिसरी, आणि आवाज असा की भाजीबाजारात गिऱ्हाईक दोन दुकानं पुढे गेलं असलं तरी मागे वळायचं. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. लायसन आहे का, दारू पितो का, हे विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी तापली तं काय करतं?"

मी म्हणालो, पाणी टाकतो.

"थे तं म्हशीलेही टाकतात," असं म्हणून त्यांनी मला कामावर ठेवलं.

गाडी तापायची, हे खरंच होतं. राजूरच्या घाटात त्या दिवसांत सगळ्याच गाड्या तापायच्या. दुसऱ्या वळणावर थांबायचं, माणसांनी उतरून कठड्यावर बसायचं, ड्रायव्हरनं ओलं फडकं धरून झाकण सोडायचं, वाफ गेली की डब्यातलं पाणी ओतायचं, हा रिवाजच होता. पण आमच्या गाडीचं एकदा थांबून भागायचं नाही. दुसऱ्या वळणावर थांबायची, मग पुढच्या, मग अगदी माथा दिसत असताना पुन्हा. लग्नसराईत लोक आमच्या गाडीला हात करायचे, जवळ आल्यावर ओळखायचे आणि हात खाली घ्यायचे.

पांडुरंगभाऊजी म्हणू लागले, विकून टाकू. स्टँडजवळच्या गॅरेजचा मिस्त्री भंगाराच्या भावात घ्यायला तयार होता. इंजिन संपलं आहे, असं त्याचं म्हणणं. काकूंना त्याचा अर्थ नीट कळत होता. गाडी गेली की सकाळी जावेनं सांगायचं आणि यांनी वाफे निंदायचे. त्यांनी तो अर्थ मनात ठेवला नाही. अंगणात सगळ्यांसमोर भाऊजींना सांगितलं, की गाडी इकली म्हणजे मी माह्याच वावरात मजूर झाली. अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबा. अखजीच्या दिवशी भर दुपारी तुम्ही सोता गाडीत बसा. घाटात थांबली तर तिथूनच मिस्त्र्याला निरोप धाडा.

भाऊजी वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, बरं. त्यांना वाटलं, एवढ्यानं वहिनीची समजूत पटेल.

मी मान खाली घालून चाकाला हवा भरत होतो. मलाही मनातून वाटत होतं की गाडी जाणार.

काकूंना इंजिन माहीत नव्हतं. पाणी माहीत होतं. लहानपणापासून त्यांनी वाफ्यांना पाणी दिलेलं. कुठं अडतं, कुठं फुटतं, कुठं नुसतं पळून जातं, हे त्यांना पायाच्या तळव्यानं समजायचं. त्यांनी गाडीची नावं तशीच ठेवली. रेडिएटर म्हणजे वाफा, पंप म्हणजे मोट, रबरी नळ्या म्हणजे पाट. मी खरी नावं सांगायला गेलो तर म्हणायच्या, नाव ठेवून बारसं करायचं हाय का? गाडीत त्या माझ्या शेजारी पाय वर घेऊन बसत आणि रस्ता सोडून बॉनेटकडे पाहत. मागच्या सीटवर लग्नाचं बोलणं रंगात आलेलं असलं तरी मधेच हात वर करून सगळ्यांना गप्प करत. काही ऐकत. मग हात खाली आला की पुन्हा बोलणं सुरू. नेहमीचे लोक त्या हाताला सरावले होते.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कुणाचीही गाडी तापली की आधी विचारायच्या, "उभ्यानं तापते का चालतांनी?"

स्टेशन रोडच्या एका डॉक्टरांची गाडी रेल्वे फाटकाशी उकळायची. मिस्त्रीनं इंजिन उघडायला सांगितलं होतं. काकूंनी डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला. डॉक्टरांनी आठवून सांगितलं, की फाटक बंद असलं म्हणजे तापते, पुढे रस्त्याला लागली की शांत होते. काकूंनी इंजिन बंद करायला लावलं, पंख्याच्या पट्ट्यात बोट घालून तो ओढला. पट्टा वीतभर हलला. गाडी धावत असली की समोरून वारा लागतो, उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर, आणि पंखा तर पट्ट्याशिवाय फिरत नाही. मी पट्टा ताणून दिला. डॉक्टर खूश झाले, आणि ही गोष्ट त्यांनीच गावभर केली. त्यानंतर काकूंचा प्रश्न माणसांनाही लागू झाला. भाचीला सांगून आलेला मुलगा तापट आहे असं कळलं, तेव्हा काकूंनी मध्यस्थाला विचारलं की उभ्यानं तापते का कामात? कामात तापणारा चालन, म्हणाल्या, बसल्या बसल्या तापणारा नको. लग्न झालं. सुखाचं झालं.

आमची गाडी चालताना तापायची, तीही चढावर. म्हणजे वारा पुरेसा होता, पाण्याचं काहीतरी बिघडलं होतं. काकूंनी एकेक पाट तपासायला घेतला. सकाळी थंड इंजिन सुरू करायला लावून उघड्या तोंडातून पाण्यात पाहायच्या. बुडबुडे येत नव्हते. तेलाची पट्टी काढून तेल दोन बोटांत चोळायच्या. ताकासारखं पांढरट झालं नव्हतं. म्हणजे आतलं पॅकिंग शाबूत, पाणी तेलात जात नव्हतं, आणि मिस्त्री म्हणत होता तसं इंजिन संपलेलं नव्हतं. खालची नळी नवी घातली, कारण जुनी जोरात इंजिन फिरवलं की आत ओढली जाऊन चपटी व्हायची. पंपाचं पाणी गळत नव्हतं. तरी गाडी तापायचीच.

मधे त्यांनी एक मोठी चूक केली. थर्मोस्टॅट नावाची एक पितळी डबी पाण्याच्या वाटेत असते. पाणी गार असलं की ती मिटलेली, गरम झालं की उघडते. आमच्याकडे गाडी तापली की पहिली ती डबी काढून फेकायची, असं सगळ्यांचं मत होतं. काकूंनीही ती काढायला लावली, हातात घेऊन स्टँडवर मिरवली, हा पाहा चोर म्हणाल्या. त्या आठवड्यात गाडी आणखी तापली. दोन दिवस त्या डबी हातात फिरवत राहिल्या. मग चुलीवर पातेल्यात पाणी ठेवलं, डबी दोऱ्याला बांधून त्यात सोडली आणि बसून राहिल्या. पाणी चटका देण्याइतकं झालं तशी डबी हळूहळू उघडली. खाली उतरवल्यावर मिटली. त्यांनी हे इतक्या वेळा करून पाहिलं की जावेनं विचारलं, आज जेवायला हेच हाय का?

दुसऱ्या दिवशी त्या स्टँडवर गेल्या आणि जितक्या मोठ्यानं चोर म्हणाल्या होत्या तितक्याच मोठ्यानं सांगितलं की चूक झाली, डबी साव आहे. पाणी पाटानं पळत सुटलं तर वाफा भिजत नाही, त्याला थोडं अडवावं लागतं. पुढे मला एका इंजिनिअरनं सांगितलं की कारण अगदी तसंच नाही, डबी काढली की पाणी रेडिएटरला वळसा घालून आडवाटेनं परत इंजिनात जातं. तेवढा फरक काकूंच्या हिशेबात राहिला. डबी मात्र परत बसली, आणि चूक कबूल करतानाही त्या जिंकून आल्यासारख्या घरी आल्या.

अखजी जवळ आली होती. मी जेवायला मळ्यावरच असायचो. त्या दिवशी ओट्यावर बसून वाट पाहत होतो. मळ्याच्या विहिरीवरचं पाण्याचं इंजिन बंद होतं आणि दोरही तुटला होता, म्हणून जावेनं स्टँडच्या विहिरीचं पाणी आणून डाळ शिजत घातली होती. डाळ काही केल्या शिजेना. पूर्णेकडच्या आमच्या भागात बहुतेक विहिरी खाऱ्या. खाऱ्या पाण्यात डाळ मऊ होत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक. काकूंच्या मळ्यातली विहीर गोड होती. तीन गल्ल्यांच्या बाया तिथून नुसत्या डाळीपुरती घागर न्यायला यायच्या. काकू जावेला बोलायला म्हणून चुलीपाशी गेल्या आणि पातेल्यात वाकून पाहिलं. पातेल्याच्या काठाला पांढरी कड धरली होती.

त्या तशाच उठल्या, गाडीपाशी गेल्या. गाडी आत्ताच बुलढाण्याहून आलेली, तापलेली. त्यांनी रेडिएटरच्या जाळीवर पुढून तळहात ठेवला, सरकवत नेला. वर पोळला, हात झटकला. मधोमध आला तेव्हा तिथंच थांबला. मलाही हात लावायला लावला. सगळीकडे चटका बसत होता आणि मधे मोठा पट्टा जवळपास गार होता. तिथं पाणी जातच नव्हतं. निवल्यावर झाकण काढून त्यांनी तोंडात बोट घातलं. बोटाला पांढरं, चुन्यासारखं खरखरीत काहीतरी आलं. त्यांनी ते जिभेवर ठेवलं आणि थुंकल्या.

"ज्या पाण्यात डाळ शिजत नाई," त्या म्हणाल्या, "थे आपण इंजनाले पाजून राह्यलो."

घरात गोड पाण्याची विहीर होती आणि मी रोज स्टँडवरच्या खाऱ्या विहिरीचं पाणी घालत होतो, कारण बादली तिथं होती. सगळेच घालत होते. डाळीसाठी बाया मैलभर चालत जायच्या आणि गाडीला मात्र कुठलंही पाणी चालतं, असं आम्ही धरून चाललो होतो. पाणी उकळायचं, खार मागे राहायचा, पुन्हा खारंच ओतायचं. घाटात ओतलेल्या प्रत्येक डब्यानं आम्ही पुढचा घाट बिघडवत होतो.

खार काढायला काकूंनी चिंच भिजत घातली. मी घाबरलो. चिंच पितळ-तांबं खाऊन टाकेल, जाळी फुटेल, असं मी म्हणालो.

"तुही माय हंडा कायनं घासे?" त्यांनी विचारलं. "हंडा खाल्ला का चिंचनं?"

चिंचेचं पाणी फडक्यातून दोनदा गाळून रेडिएटरमध्ये भरलं. इंजिन नुसतं कोमट होईपर्यंत चालवायचं, बंद करायचं, पुन्हा चालवायचं. मग नळ्या सोडून विहिरीवरच्या इंजिनाचा पाइप खालच्या तोंडाला लावला आणि पाणी उलटं वर सोडलं. आधी गढूळ आलं, मग पांढरे कपचे, गंजाचा चिखल, पुन्हा कपचे. ते मेथीच्या वाफ्याकडे वाहायला लागलं तसं काकूंनी फावड्यानं पाट फोडून ते बांधाबाहेर काढलं. शेवटी पाणी नितळ आलं. मग रेडिएटरमध्ये त्यांनी आपल्या विहिरीचं गोड पाणी भरलं, डिकीत गोड पाण्याचे दोन डबे ठेवले, आणि मला सांगितलं की स्टँडच्या विहिरीकडे गाडी घेऊन गेला तर तुला त्याच विहिरीत ढकलीन. स्टँडवर हसायला विषय झाला. अनसाकाकूची गाडी आता डाळ शिजवते, म्हणायचे.

अखजीच्या दिवशी ऊन असं होतं की दाराची कडी हातात धरवत नव्हती. आमरसाचं जेवण करून भाऊजी मागे बसले. त्यांच्यासोबत बुलढाण्याला निघालेले तिघे. पुढे काकू आणि मी. मोताळा गेलं, राजूर आलं, घाट सुरू झाला. मला पेट्रोल वाचवायची सवय. मी वरच्या गिअरात ओढत नेऊ लागलो, तर काकू म्हणाल्या, "ओढू नको. दुसऱ्यात टाक, मोकळी पळू दे. इंजन फिरलं तं मोट फिरन."

दुसऱ्या वळणावर दोन गाड्या उभ्या होत्या, झाकणं उघडी, माणसं कठड्यावर. त्यांच्यातल्या एका ड्रायव्हरनं आम्हाला हात केला, या म्हणून. आणि माझा पाय आपोआप ब्रेककडे गेला. तिथं न थांबण्याची मला सवयच नव्हती.

"पाय काढ," काकू म्हणाल्या. मोठ्यानं नाही म्हणाल्या.

मी काढला. तेवढ्यात वाफेचा भपकारा आत आला. मागून भाऊजी म्हणाले, वहिनी, झालं. काकूंनी नेहमीसारखा हात वर केला. सगळे गप्प. त्या ऐकत राहिल्या. वळण मागे पडलं, तसा वासही मागे पडला. वाफ त्या उभ्या गाड्यांची होती.

"आपला वास असता तं चिंचचा आला असता," त्या म्हणाल्या, आणि मागचे तिघे हसले. भाऊजी हसले नाहीत. पुढच्या वळणापासून मात्र ते खिडकीबाहेर वाकून पुढे पाहायला लागले आणि मला वाटतं तेव्हापासून तेही मनातून गाडीच्या बाजूनं झाले. प्रत्येक वळणाला म्हणत होते, हे गेलं. हेही गेलं. इंजिनाचा आवाज सुरुवातीला होता तसाच होता. माथ्यावर पोचलो. मी थांबू का म्हणून काकूंकडे पाहिलं, तर त्यांनी समोर बोट दाखवलं. गाडी थेट बुलढाण्याच्या स्टँडवर थांबली.

भाऊजी उतरले. बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "गरम तं हायच," म्हणाले.

"जिवंत हाय, भाऊजी," काकू म्हणाल्या. "थंड पडली की इकजा."

भाऊजींनी त्यानंतर विकायचं नाव काढलं नाही. उलट तिथल्या तिथे स्टँडवरच्या लोकांना त्यांनीच बोलावून आणलं, आमच्या गाडीनं घाट न थांबता काढला म्हणून. कोणीतरी हार आणला. काकू तेव्हा चहाच्या दुकानामागे नळावर तोंड धूत होत्या. हार माझ्या गळ्यात पडला. रामदासनं चढवली, रामदासनं चढवली, असं सुरू झालं. काकू पदरानं तोंड पुसत आल्या. मी हार काढायला लागलो, तर म्हणाल्या, असू दे. लोकं ड्रायव्हर पाहून गाडीत बसतात.

त्यांनी ते धंद्याच्या दृष्टीनं म्हटलं होतं, आणि ते बरोबरही निघालं. त्या उन्हाळ्यात आमची गाडी एक फेरी रिकामी गेली नाही. मेहकरची, जानेफळची वऱ्हाडं आदल्या दिवशी सांगून ठेवायची. पण काकूंचं 'असू दे' त्या दिवसापुरतं होतं. मी ते जन्मभर वापरलं. चार वर्षांनी त्यांची नोकरी सोडून गॅरेज काढलं तेव्हा त्याच नावावर काढलं. तापणाऱ्या गाड्यांचा उस्ताद म्हणून लोक लांबून येऊ लागले. मी चिंच वापरायचो, गोडं पाणी सांगायचो, उभ्यानं का चालताना म्हणून विचारायचो, आणि हे कुठून शिकलात असं कुणी विचारलं की म्हणायचो, अनुभव. काकू गावातच होत्या. त्यांच्या कानावर जात असणार. भेटल्या की पोरांची चौकशी करायच्या. ह्याबद्दल कधीच काही बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे मलाही बोलावं लागलं नाही. माझ्या उस्तादकीत जे खरं आहे ते सगळं अनसाकाकूंचं आहे. स्टँडच्या पोरांनी ही गोष्ट सांगायचीच असेल तर यापुढे त्यांच्या नावानं सांगावी.

मी सोडून गेल्यावर त्यांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला नाही. मळ्याच्या रस्त्यावर स्वतः शिकल्या. हे मला ऐकून माहीत होतं. पाहिलं ते एकदाच.

साखरखेर्ड्याच्या एका व्यापाऱ्याची नवी घेतलेली गाडी मी दुरुस्त केली होती आणि त्यांना शेजारी बसवून राजूरच्या घाटात तपासायला नेली होती. ती अर्ध्या घाटात उकळली. झाकण निवायची वाट पाहत आम्ही दोघं कठड्यावर बसलो होतो. खालून लांब नाकाची ती गाडी आली. चाकामागे काकू, केस पिकलेले, पदर कमरेला खोचलेला. शेजारी पांडुरंगभाऊजी मांडीवर मिरच्यांची टोपली धरून बसलेले. मागे माणसं दाटीवाटीनं. काकूंनी गिअर बदलला तो कळलाही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्या वळणाकडे पाहत होत्या.

व्यापारी उठून उभे राहिले. एवढी जुनी गाडी, म्हणाले, आणि कशी चालून राह्यली पाहा. तुमच्याच हातची असन.

मी हो म्हणालो.

वरच्या वळणावर एकदा हॉर्न वाजला. मग गाडी माथ्यावर दिसली, आणि पलीकडे उतरली.